अनुभव धागा: पाहुणा मित्र, आपले संग्रहालय आणि आपला डोंगर

गेल्या डिसेंबरात माझा शाळेतला मित्र अठरा वर्षांनी पुण्यात आला. तो इंदूरला स्थायिक झालेला आहे आणि त्याच्या हाताशी दोनच मोकळे दिवस होते. त्यातला एक दिवस राजा दिनकर केळकर संग्रहालयाला आणि दुसरा सिंहगडाला द्यायचा, असे मी ठरवले. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ते स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्या संग्रहात राजेरजवाड्यांची शस्त्रे आहेत, परंतु मला तिथे नेहमी ओढून नेतात ते दिवे, दौती, कुलपे, अंग घासायच्या वज्री आणि अडकित्ते. माझा मित्र अडकित्त्यांच्या कपाटापुढे इतका वेळ उभा राहिला की मागच्या कुटुंबाला वाट द्यावी म्हणून मला त्याचा दंड धरून त्याला बाजूला घ्यावे लागले. त्याच्या आजीच्या पानाच्या डब्यात तसाच एक होता. तो पुढे कोणाकडे गेला, हे घरात कोणालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही भल्या पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाके हे सर्व पाहून झाल्यावर आम्ही एका झोपडीत पिठलं-भाकरी खायला बसलो. मावशी काटवटीत भाकरी थापत होत्या आणि दही मातीच्या लहान मडक्यांत विरजलेले होते. मित्र म्हणाला, "काल काचेआड पाहिलं ते घर इथं अजून चालू आहे." त्यानंतर तो मावशींना काटवट कोणत्या लाकडाची आणि मडकी कोठून येतात, हे विचारत बसला. आदल्या दिवशी संग्रहालय पाहिले नसते, तर तो भाकरी खाऊन उठला असता, असे मला वाटते.

म्हणून हा धागा. आपल्याकडे आलेल्या स्नेह्यांना आपण कोणते संग्रहालय दाखवले आणि कोणत्या डोंगरावर किंवा टेकडीवर नेले? दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध लागला का? आधी काय पाहावे आणि नंतर काय? चुकले असेल तेही लिहावे, कारण पुढच्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

नाशिकहून

माझी मैत्रीण बँकेत कर्ज विभागात काम करते आणि जुन्या दगडांत आपल्याला काहीच गोडी नाही, असे तिने गाडीतून उतरतानाच सांगितले होते. मी तिला पहिल्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेत नेले. तिथले मुद्रा संग्रहालय फारसे कोणाला ठाऊक नाही. नाशिकचे लोकसुद्धा त्र्यंबकेश्वराला जाता-येता त्यावरून पुढे निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. सगळी क्षहरात घराण्यातील राजा नहपानाची. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपले ठसे पुन्हा मारलेले होते. नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावर उमटवलेला तीन कमानींचा चैत्य, असे एकाच नाण्यावर दोन राजे दिसतात. नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी चालू चलनावरच ठसा मारला, हे मी सांगितल्यावर तिने पहिल्यांदा मान वर करून नीट लक्ष दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पांडवलेणी चढलो. चढण लहान आहे. पायऱ्यांनी सावकाश गेले तरी अर्ध्या तासात माणूस वर पोहोचतो. चोवीस लेण्यांपैकी तिसरे लेणे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखामुळे प्रसिद्ध आहे आणि ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असा तिच्या मुलाचा गौरव तिथेच कोरलेला आहे. मात्र मला तिला दाखवायचे होते ते दहावे लेणे. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे कोरून ठेवले आहे, की त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे आणि दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

माझ्या मैत्रिणीने तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. "जुळलं की गं!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या शाळेच्या सहलीतील मुले वळून पाहू लागली. पुढचा अर्धा तास ती मलाच प्रश्न विचारत होती: दोन श्रेणींचा व्याजदर वेगळा का, एक श्रेणी अधिक भरवशाची होती का, हा व्यवहार नोंदवला कोठे. निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून तो दप्तरी नोंदवल्याचे लेखातच आहे, एवढेच उत्तर मला देता आले.

माझ्या मते आधी नाणी पाहावीत आणि नंतर लेणी. नाण्यावरचा तो दुसरा ठसा डोक्यात असला, म्हणजे तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यांच्या मधली ती चार पावले चालताना आपण जेत्याच्या घरून हरलेल्याच्या घरी चाललो आहोत, हे कळते. तिसऱ्या दिवशी अंजनेरीचा किल्ला चढायचा बेत होता, तो पावसामुळे निम्म्यावर सोडावा लागला.

मुंबईहून

नाशिकच्या ताईंचा क्रम मला पटतो, पण माझा अनुभव उलटा आहे. दिल्लीत माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र आला असताना मी त्याला आधी घारापुरीला नेले. गेटवेहून लाँचने तासाभरात बेट येते. तिथून पायऱ्या चढून लेणी आणि लेण्यांवरून पुढे तोफांच्या टेकडीवर जाणारी वाट. बहुतेक प्रवासी सदाशिवाची त्रिमुख मूर्ती पाहून परततात, त्यामुळे टेकडीवर बरीच शांतता असते. एका बाजूला न्हावाशेवा बंदराच्या क्रेन आणि खाली खारफुटी असा देखावा तिथून दिसतो. या बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ साली, हे ऐकून मित्राला आपण मुंबईपासून इतक्या जवळ आहोत यावर विश्वास बसेना.

तिथेच त्याने विचारले, की पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती कुठे आहे. मी त्याला उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी भायखळ्याला नेले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारच्या बागेत तो दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला, त्याचे तुकडे मुंबईतच राहिले आणि पुढे ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. मित्र त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. आदल्या दिवशीची रिकामी जागा त्याच्या मनात होती, म्हणून हत्तीला किंमत आली, असे मी समजतो. आतल्या दालनात, १८७२ साली खुल्या झालेल्या त्या देखण्या इमारतीत, मुंबईतील निरनिराळ्या जातिधंद्यांच्या माणसांच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. त्याही निवांत पाहाव्यात.

चुकले ते असे, की टेकडीवरून उतरायला आम्ही उशीर केला आणि शेवटची लाँच धावतपळत गाठली. पाहुणा बरोबर असताना परतीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. सोमवारी लेणी बंद असतात.

बोरिवलीहून

मला थोडेच लिहायचे आहे. माझा मित्र मराठवाड्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता आहे. त्याला मी कान्हेरीला नेले, कारण ज्याच्यासाठी वेगळी इमारत लागत नाही असे ते पाण्याचे संग्रहालय आहे, असे मी मानतो. शंभरांहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरात जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेले टाके आहे, उतारावर पन्हळी कोरल्या आहेत आणि ब्राह्मी लेखांत या टाक्यांना 'पोढी' असा शब्द आहे. सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद तिथे सापडते. मित्राने तिसऱ्या लेण्यातील भव्य चैत्यगृह पाच मिनिटांत उरकले आणि पुढचे तीन तास एका पन्हळीपासून दुसऱ्या पन्हळीपर्यंत पाणी कसे वळवले असेल, हे पाहत तो डोंगरभर फिरला. मी त्याला अडवले नाही. पाहुण्याला त्याच्या कामाच्या वाटेने जाऊ द्यावे, हा मला नाशिकच्या अनुभवातलाही महत्त्वाचा भाग वाटला.

धाराशिवहून

वरील सर्व अनुभव चालू शकणाऱ्या माणसांचे आहेत. माझ्या वसतिगृहातील मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी तिला चढउतार वर्ज्य सांगितला होता. तिला डोंगरांची अतोनात आवड. पूर्वी आम्ही दोघींनी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला आहे. अशा मैत्रिणीला "तू खाली बस, मी वर जाऊन येते" असे सांगणे मला शक्य नव्हते, म्हणून मी तिला तेरला नेले.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव, संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकऱ्यांना परिचित. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारे तगर नगर ते हेच. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. लामतुरे हे गावातलेच गृहस्थ. शेतात, जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, साचे, दिवे अशा वस्तूंनी कपाटे भरलेली आहेत. त्यांतील मानाची वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई येथे ज्वालामुखीच्या राखेखाली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचे जवळचे साम्य आहे. इसवी सन ७९ मध्ये ते शहर गाडले गेले, तेव्हा तिथल्या एका घरात अशा घडणीची वस्तू होती, हे तेरच्या संग्रहालयात उभे राहून ऐकताना अंगावर काटा येतो. मला दर वेळी येतो.

त्यानंतर आम्ही पांढरीवर फिरायला गेलो. आमच्याकडे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांना पांढर म्हणतात. चढ जेमतेम घराच्या जिन्याएवढा, आणि मैत्रीण काठी टेकत सहज वर आली. पावसाने माती धुपून गेली की खापरांचे तुकडे उघडे पडतात. तांबडी, काळी, क्वचित नक्षी असलेली. तिने एक उचलून पाहिले आणि होते त्या जागी परत ठेवले. तसेच करावे, ही सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे, कारण जागेवरून हललेले खापर मुके होते आणि पुढच्या अभ्यासकाला त्यातून काही सांगता येत नाही. परतताना विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहिले. त्याचा मागचा भाग अर्धगोल आहे आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात.

संध्याकाळी गोरोबाकाकांच्या मंदिरात बसलो असताना मैत्रीण म्हणाली, की कुंभाराच्या गावात दिवसभर खापरेच पाहिली. गुडघ्याचा विषय त्या दिवशी तिने एकदाही काढला नाही.

कोल्हापूरहून

माझी चूक आधी सांगतो. बडोद्याहून आलेल्या शिल्पकार मित्राला मी सोमवारी टाउन हॉल संग्रहालयाच्या दाराशी नेऊन उभे केले आणि दाराला कुलूप होते. बहुतेक शासकीय संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे मला ठाऊक असूनही बेत आखताना मी वार पाहिला नाही. तसेच वळून आम्ही पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाजा, अंधारबाव, आणि गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे पाहून झाल्यावर सज्जा कोठीपाशी उभे राहून मी त्याला १६६० च्या वेढ्याची हकिगत सांगितली: सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, जुलैची ती पावसाळी रात्र, विशाळगडाच्या दिशेने निघालेली पालखी आणि खिंडीत लढत राहिलेले बाजीप्रभू. मसाईच्या पठारावर आम्ही त्या वाटेने थोडे चाललो. धुके इतके होते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, आणि मित्राला ती रात्र समजायला माझ्या बोलण्यापेक्षा त्या धुक्याचीच अधिक मदत झाली. दर जुलैमध्ये शेकडो लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. पाहुण्याला सवय नसेल, तर पूर्ण वाटेचा आग्रह धरू नये.

मंगळवारी संग्रहालय पाहिले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर झालेल्या खोदकामात ब्राँझच्या वस्तू निघाल्या, त्यांत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची लहानशी मूर्ती आहे. मूर्ती वीतभरही नाही. मित्राने तिच्या उंचावलेल्या हाताचा, कमरेच्या वळणाचा आणि एका पायावर दिलेल्या भाराचा कागदावर आठ वेळा आराखडा काढला. मी तेरचा अनुभव आत्ता वाचला आणि मला हे फार जवळचे वाटले, कारण आमच्याकडेही समुद्र घाटांच्या पलीकडे आहे आणि तरी समुद्राचा देव नदीकाठी येऊन राहिला. ब्रह्मपुरीचे टेकाड शहरातच आहे, पाच मिनिटांत चढून होते. तिथे आवर्जून जावे, एरवी मूर्ती कोठून आली हे पाहुण्याच्या ध्यानात राहत नाही.

नागपूरहून

आमच्याकडे मध्यवर्ती संग्रहालयाला आजही 'अजब बंगला' म्हणतात. ते १८६३ सालचे आहे, आणि माझ्या पुण्याच्या मित्राला त्या नावाचेच इतके आकर्षण वाटले की स्थानकावरून तो थेट तिथेच यायला तयार होता. दुसऱ्या दिवशी रामटेक. वाकाटकांच्या काळातील केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीतील शिलालेख पाहून आम्ही गडावरून पलीकडचे पाणी पाहत बसलो. आमचे डोंगर सह्याद्रीसारखे उंच नाहीत, हे मान्य आहे. उन्हाळ्यात मात्र पाहुण्याला सकाळी आठच्या आत वर नेऊन खाली आणावे, त्यानंतर दगड तापतो.

एडिनबराहून

मी अकरा वर्षांपासून इथे आहे. पुण्याच्या महाविद्यालयातली माझी मैत्रीण भूशास्त्राची प्राध्यापिका आहे आणि ती आठवडाभर माझ्याकडे राहायला आली होती. पहिल्या दिवशी आम्ही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे दमल्यावर बाहेर येऊन डबा खाऊन पुन्हा आत जाता येते. ल्युइस बेटावर सापडलेली मध्ययुगीन बुद्धिबळाची मोहरी आणि डॉली ही प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेली पहिली मेंढी यांच्यापाशी सर्वांची गर्दी असते. मैत्रीण खडकांच्या दालनात रमली.

दुसऱ्या दिवशी आर्थर्स सीट चढलो. उंची फक्त २५१ मीटर, शहराच्या अगदी मधोमध, आणि हा डोंगर म्हणजे सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा मृत ज्वालामुखी. त्याच्या कडेला सॅलिसबरी क्रॅग्जचा काळा कडा आहे. आधुनिक भूशास्त्राचे जनक मानले जाणारे जेम्स हटन याच शहरातले. वितळलेला खडक आधीच्या थरांत घुसून त्यांना उचकटतो, याचा पुरावा त्यांना या कड्यात दिसला. ती जागा पाहण्यासाठीच मैत्रीण इतक्या दूर आली होती, म्हटले तरी चालेल. कड्याच्या पायथ्याची वाट दरड कोसळल्यामुळे २०१८ पासून बंद होती, हे मी तिला आधी सांगायला हवे होते. तिचा चेहरा उतरला. मग आम्ही वरच्या बाजूने फिरून माथ्यावर गेलो.

माथ्यावरचा खडक बेसाल्टचा आहे. तिने त्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "हा आपल्या दगडाचा आजोबा आहे." आपला दख्खनचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामुळे हिशेब बरोबरच होता. भूशास्त्राच्या लोकांना छायाचित्रात मापासाठी काहीतरी ठेवावे लागते, म्हणून तिने पर्समधून दहा रुपयांचे नाणे काढून खडकावर ठेवले. त्यानंतर तासभर ती मला सिंहगडाच्या कड्यांत लाव्हाचे थर कसे मोजायचे, हे समजावत राहिली. ज्या गडावर मी वीस वेळा गेले असेन, तिथले हे मला आर्थर्स सीटवर वाऱ्यात बसून कळले.

पुढच्या महिन्यात दुसरी मैत्रीण येत आहे. ती शल्यविशारद आहे, त्यामुळे संग्रहालय सर्जन्स हॉलचे ठरले आहे. त्याला जोड म्हणून पेंटलँडच्या टेकड्यांतील एखादी सोपी, दोन-तीन तासांची वाट कोणी चाललेले असेल, तर कृपया कळवावे. ती सोळा तारखेला पोहोचते.